पावसाचा टॅक्स आणि आमच्या दारातला खड्डा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. टॅक्स भरायला माझी कधीच ना नव्हती. घरापुढे एवढा मोठा खड्डा असलेला माणूस म्हणजे सरकारच्या नावानं बोटं मोडणारा असणार, असं लोक परस्पर ठरवून टाकतात. तसं काही नाही. मी मुदतीच्या आधी टॅक्स भरणारा माणूस आहे, आणि भरून झाल्यावर मला जरा बरंही वाटतं, हे बायकोशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. माझं भांडण टॅक्सशी नाहीच. टॅक्स आणतो म्हणायचं, लोक ओरडले की नाही आणत म्हणायचं, आणि लोक घरी गेले की दुसऱ्या नावानं हळूच आणायचा, ह्याच्याशी माझं भांडण आहे. दारात उभं राहून येऊ की जाऊ करणाऱ्या पाहुण्यासाठी कॉफी ठेवायची तरी किती वेळा? मी थकलोय हो. खरंच थकलोय.

तर आमच्या केटलबरो नगरपालिकेनं गेल्या उन्हाळ्यात पावसाचा टॅक्स काढला. कागदावर त्याचं नाव मोठं लांबलचक आणि प्रतिष्ठित होतं, पण गावानं त्याला पावसाचा टॅक्स म्हटलं आणि तेच रूढ झालं. कल्पना साधी होती. छपरावर, डांबरावर, काँक्रीटवर पडलेलं पाणी जमिनीत मुरत नाही, ते गटारात जातं, गटारं तुंबतात, आणि खालच्या आळीतल्या लोकांच्या तळघरात पाणी शिरतं. म्हणून ज्याच्या घराभोवती टणक जमीन जास्त, त्यानं जास्त भरायचं. सगळ्या गावानं एका सुरात आकांत मांडला. उद्या बर्फावर लावतील, परवा वाऱ्यावर लावतील, असं डोनटच्या दुकानात जो तो एकमेकांना सांगत होता, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच सुचलंय असं वाटत होतं.

नगरपालिकेची माहितीपुस्तिका परिशिष्टांसकट वाचलेला गावात मी एकटाच होतो. मी आयुष्यभर इथल्या शाळेत भूगोल शिकवला. पाणी जमिनीत कसं मुरतं ह्या विषयावर मी न थांबता तासभर बोलू शकतो आणि बोललेलो आहे. जाहीर सुनावणीत टॅक्सच्या बाजूनं उभा राहिलो तो फक्त मी. "नागरिकहो," असं म्हणून सुरुवात केली, भूजलाची पातळी समजावली, आणि आता मुळांपर्यंत पोचणार तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बसा मास्तर, घंटा झाली!" आवाज ओळखीचा होता. मी त्याला भूगोलात दोनदा नापास केलं होतं. सभागृह हसलं आणि मी बसलो. नगरसेविका फिलिपा ऑस्गुडबाईंनी मात्र माइकवरून माझे आभार मानले. "लॉर्न विगिन्ससारखे जागरूक नागरिक आहेत म्हणून गाव पुढे जातं," असं त्या म्हणाल्या. ते वाक्य मला महागात पडलं.

कारण पुस्तिकेच्या शेवटच्या परिशिष्टात एक सवलत होती. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतचा डांबरी ड्राइव्ह-वे जो उखडेल आणि त्याजागी भोकं असलेल्या विटा बसवून भोकांत गवत लावेल, त्याला टॅक्स माफ, वर निम्मा खर्च नगरपालिकेचा. अट एकच, काम ऑक्टोबर संपायच्या आत सुरू झालं पाहिजे. मी त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तिका उघडून व्हर्नाला ते चित्र दाखवलं. हिरवंगार गवत, त्यातून डोकावणाऱ्या विटा, आणि त्यावर हसत उभं असलेलं एक कुटुंब.

व्हर्ना माझी बायको. तिचा उजवा खुबा निकामी झाला होता, आणि शस्त्रक्रियेसाठी ती दीड वर्ष रांगेत होती. शस्त्रक्रिया अखेर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरली होती. तिनं चित्र पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "लॉर्न, डिसेंबरात मी वॉकर घेऊन येणार आहे. मला गाडीपासून दारापर्यंत सपाट, कडक रस्ता लागेल. ओयेलारनबाईंनी बजावलंय."

ओयेलारनबाई म्हणजे इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट. सपाट रस्ता नसेल तर घरी सोडणार नाही, हे त्यांनी मलाही तोंडावर सांगितलं होतं.

"अगं, विटा सपाटच असतात. महिन्याभरात काम होईल. डिसेंबरला किती अवकाश आहे!"

"नाही झालं तर मला डोरीनकडे जावं लागेल."

डोरीन तिची थोरली बहीण. तिच्या घरात जिना नाही, पायरी नाही, फक्त मांजरं आहेत आणि डोरीन आहे. डोरीन माणसाला बरं होऊ देत नाही. लहानपणी व्हर्नाला गोवर झाला होता तेव्हा डोरीननं तिची जी काळजी घेतली, तिच्याबद्दल व्हर्ना अजूनही दात-ओठ खाऊन बोलते. "मी सांगून ठेवते," व्हर्ना म्हणाली, "दीड वर्ष मी एकाच गोष्टीची वाट बघितलीय. माझ्या पायानं माझ्या घरात शिरायचं. बाकी तुला काय उखडायचंय ते उखड."

मी तिला शब्द दिला. अगदी छातीवर हात ठेवून दिला.

आता शेजारी आर्मिंदो तावारेस. पोर्तुगालचा. चाळीस वर्षं प्रवासाची एजन्सी चालवली, लोकांना जगभर पाठवलं आणि स्वतः घराभोवती काँक्रीट ओतत बसला. पुढचं अंगण काँक्रीट, मागचं अंगण काँक्रीट, दोन घरांमधली बोळ काँक्रीट. गवताचं एक पातं सापडायचं नाही. एकच भोक ठेवलंय, द्राक्षाच्या वेलासाठी. मी त्याला वर्षानुवर्षं कुंपणावरून सांगत आलो, "आर्मिंदो, जमिनीला श्वास घेऊ दे." आणि तो सांगत आला, "मास्तर, तू दर शनिवारी गवत कापतोस, मी दर शनिवारी झोपतो. श्वास कोण घेतंय बघ."

केलन रोच नावाचा कंत्राटदार यंत्र घेऊन आला त्या सकाळी आर्मिंदो कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी उभाच होता.

"मास्तर, चांगला ड्राइव्ह-वे आहे. एकही भेग नाही. का तोडतोयस?"

"पावसाचा टॅक्स येतोय. तुझ्यावर तर सगळ्यात मोठा बसणार आहे, तूही विचार कर."

"येऊ दे की. आल्यावर बघू."

"अरे, आल्यावर बघू म्हणणाऱ्यांमुळेच—"

"मी एजन्सी चालवलीय," तो म्हणाला. "विमान सुटल्याशिवाय मी कधी कोणाला टाटा केला नाही."

मी दुर्लक्ष केलं. केलननं दुपारपर्यंत सगळं डांबर उचललं. पुढच्या दाराची पायवाट वेगळ्या मापात मोजली तर आणखी सवलत मिळते असं परिशिष्टात होतं, म्हणून माझ्या आग्रहावरून तीही उचलली, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळणाऱ्या तुकड्यासकट. विटांसाठी खोली हवी म्हणून हातभर माती काढली. "विटा पुढच्या आठवड्यात," केलन म्हणाला. "बारा घरांची एकत्र ऑर्डर आहे, स्वस्तात पडेल." आणि डांबराचा ट्रक भरून तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी पाऊस आला. मी छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो. आपल्या दारात पडलेलं पाणी आपल्याच जमिनीत मुरताना बघण्यात एक वेगळाच आनंद असतो.

"लॉर्न," खिडकीतून व्हर्ना म्हणाली, "ते मुरत नाहीये. साठतंय."

"चिकणमाती आहे. तिला वेळ लागतो."

"किती?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी शाळेत फळ्यावर काढून दाखवत असे. सकाळी खड्ड्यात एक बदक बसलेलं होतं.

आठवड्याभरानं नगरपालिकेनं टॅक्स मागे घेतला. रद्द केला असं म्हणाले नाहीत. "नागरिकांच्या भावनांचा आदर करून पुनर्विचारार्थ स्थगित" असं काहीतरी म्हणाले. ऑस्गुडबाई स्थानिक रेडिओवर म्हणाल्या की त्यांनी पहिल्यापासूनच लोकांचं ऐकलं होतं. डोनटच्या दुकानात त्या दिवशी सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मी आत गेल्यावर कोणीतरी म्हणालं, "मास्तर, खड्डा कसा आहे?" बदकाची बातमीही पोचली होती.

मी केलनला फोन केला. तो बिचारा माझ्यापेक्षा वैतागलेला. टॅक्स गेला, तशी सवलतही गेली, आणि बारापैकी अकरा घरांनी विटा रद्द केल्या. त्यांनी अजून काही तोडलंच नव्हतं. एका घरासाठी विटांचा ट्रक येत नाही.

"मग डांबरच टाक परत. झालं-गेलं विसरून जाऊ."

"डांबर? साहेब, नोव्हेंबर लागलाय. डांबराचा कारखाना थंडीसाठी बंद झाला. आता मे महिन्यात."

"काँक्रीट?"

"गोठायच्या दिवसांत काँक्रीट ओतलं तर ते वसंतात पापडासारखं सुटेल. मी ओतणार नाही, आणि जो ओततो म्हणेल त्याला तुम्ही ओतू देऊ नका."

"मग खडी टाकून दे!"

"टाकतो की. पण घरापुढे खडीवर गाडी लावली तर नगरपालिका दंड करते. आणि बाईसाहेबांच्या वॉकरची चाकं खडीत रुततील, त्याचं काय?"

मी फोन ठेवला. व्हर्ना समोरच बसली होती. माझी बायको बोलून मोकळी होणारी आहे. तिनं फक्त कॅलेंडरचं पान उलटून डिसेंबर बघितला.

मग नोव्हेंबरच्या मध्यावर हिवाळी पार्किंगबंदी लागली. बर्फ काढायच्या गाड्यांना मोकळा रस्ता हवा म्हणून रात्री रस्त्यावर गाडी लावायची नाही, हा नियम मी शाळेत मुलांना नागरिकशास्त्रात शिकवत असे. आता माझी गाडी लावायला रस्ता नाही, ड्राइव्ह-वे नाही, आणि गॅरेज आहे पण त्याच्यापुढे तळं आहे. एक रात्र मी ती हिरवळीवर लावली. सकाळी काचेवर दंडाची पावती. एक रात्र रस्त्यावर लावली. पुन्हा पावती. पावती देणारा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, "साहेब, ज्यांच्या ड्राइव्ह-वेचं काम चालू आहे त्यांना तात्पुरती सूट मिळते."

"माझं तेच तर चालू आहे!"

त्यानं खड्ड्याकडे पाहिलं. खड्ड्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. "चालू दिसत नाही," तो म्हणाला. "बंद पडलेल्या कामाला सूट नाही."

अखेर आर्मिंदोनं स्वतःची गाडी पुढे घेतली आणि माझी त्याच्या काँक्रीटवर मागे लावायला सांगितली. ह्या उपकारामुळे रोज पहाटे तो पाव आणायला निघाला की माझी गाडी हलवावी लागे. रोज पहाटे तो माझं दार वाजवायचा आणि म्हणायचा, "उठ मास्तर, जमीन श्वास घेतेय का बघून ये." मी पायजम्यावर कोट चढवून त्याच्या काँक्रीटवरून चालत जायचो. ते कोरडं, सपाट आणि स्वच्छ असायचं, आणि त्याचा मला मनापासून राग यायचा.

त्यात टॅक्स परत आला. आता त्याला टॅक्स म्हणायचं नव्हतं, शुल्क म्हणायचं होतं. दर थोडा कमी, आणि मोजमाप विमानातून काढलेल्या फोटोवरून. मला वाटलं, चला, निदान आपल्याला तरी भरावं लागणार नाही. एवढं सोसल्याचं काहीतरी चीज झालं. पण माझ्या नावावर अख्ख्या ड्राइव्ह-वेचं शुल्क आलं, पायवाटेसकट. मी नगरपालिकेच्या खिडकीवर गेलो.

"हा ड्राइव्ह-वे आता नाहीये," मी म्हणालो.

"फोटोत आहे," खिडकीतली बाई म्हणाली.

"फोटो एप्रिलमधला आहे. मी तो ऑक्टोबरमध्ये तोडला."

"मग तोडल्याचा फोटो आणा."

मी घरी जाऊन फोटो काढून आणला.

"ह्यात नुसता बर्फ दिसतोय."

"बर्फाखाली खड्डा आहे."

"बर्फाखाली काहीही असू शकतं, साहेब. बर्फ वितळला की माणूस पाठवू. तोवर भरत राहा."

मी भरलं. सवयच आहे. पुढच्याच आठवड्यात निवडणुकीची कुजबुज सुरू झाली आणि नगरपालिकेनं शुल्कही मागे घेतलं. भरलेलं परत मिळेल का विचारायला गेलो, तर शुल्कच रद्द झाल्यामुळे शुल्काची खिडकीही रद्द झाली होती. तिथे आता कुत्र्यांचे परवाने देत होते. रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि एक भलामोठा कुत्रा होता. मला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. काय चुकलं होतं माझं? मी वाचलं, समजून घेतलं, वेळेत केलं. ज्यांनी पुस्तिका उघडूनही पाहिली नाही त्यांच्या दारात डांबर होतं, आणि ते मजेत होते.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली आणि चांगली झाली. त्या एका गोष्टीनं मात्र शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी व्हर्ना वॉकर धरून उभीसुद्धा राहिली. खरी कसोटी घरी आणायची होती. ओयेलारनबाई घर बघायला स्वतः आल्या. मी आणि आर्मिंदोनं आदल्या दिवशी एक योजना केली होती. त्याच्या बोळीतून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येता येतं, मध्ये फक्त कुंपण. कुंपणाच्या चार फळ्या आम्ही काढल्या. आता आर्मिंदोच्या काँक्रीटवरून ती आली की दारापर्यंत चार पावलांची माती उरत होती, तीही माझ्याच उत्साहात खणलेली. तिच्यावर मी एक जाड लाकडी फळी टाकली.

ओयेलारनबाईंनी काँक्रीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! असं सगळीकडे असायला हवं." आर्मिंदोनं माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. मग त्यांनी फळीवर बूट ठेवला. बूट सर्रकन पुढे गेला आणि आर्मिंदोनं त्यांना वरच्या वर धरलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मी त्यावर वाळू टाकतो. चटई टाकतो. मी स्वतः तिला उचलून—"

"विगिन्ससाहेब, ह्या वयात तुम्ही तिला उचललंत तर मला दोन खुबे बघावे लागतील. बहिणीचं घर आहे म्हणालात ना?"

डोरीननं खोली लावून ठेवलीच होती. मला फोनवर म्हणाली, "लॉर्न, मला ठाऊक होतं. तू ड्राइव्ह-वे तोडलास तेव्हाच मी चादरी धुवायला टाकल्या." तिच्या आवाजातला आनंद मला ऐकवेना. इस्पितळातून व्हर्नाला गाडीत बसवलं तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. माझी मान वर होत नव्हती.

"मला आधी घर दाखव," ती म्हणाली. "लांबून तरी बघते."

मी गाडी आर्मिंदोच्या काँक्रीटवर उभी केली. ती उतरली, वॉकर धरला आणि बोळीतून सरळ चालत कुंपणाच्या भोकापर्यंत आली. समोर आपलं स्वयंपाकघराचं दार, मध्ये चार पावलं चिखल. ती तिथे उभी राहिली. तिचे डोळे भरले. मी दीड वर्षात तिला दुखण्यानं रडताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आर्मिंदोची बायको ग्रासिंदा मागच्या दारात आली. हातात पळी, अंगावर एप्रन. "काय चाललंय थंडीत? ती डोरीन मला माहितीय, गेल्या नाताळात माझ्या माशाला नावं ठेवून गेली. व्हर्ना, आत ये. आमच्याकडे खाली खोली आहे, पायरी नाही, आणि सूप गरम आहे."

व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं, आणि वॉकर उजवीकडे वळवला.

अशा रीतीनं माझी बायको शेजारी राहायला गेली. नाताळ झाला, नवं वर्ष आलं. मी रोज सकाळी तिला भेटायला जायचो, दारावर टकटक करून, पाहुण्यासारखा. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांचं स्वयंपाकघर दिसायचं. व्हर्ना टेबलाशी बसून पत्ते खेळतेय, आर्मिंदो फसवतोय, ग्रासिंदा ओरडतेय. मी एकटा टोस्ट खात बसायचो. दिवसा ती आर्मिंदोच्या घराभोवती वॉकर घेऊन फेऱ्या मारायची. एवढी सपाट जागा गावात दुसरी नव्हती. प्रत्येक फेरीत कुंपणाच्या भोकाशी थांबायची, आपल्या दाराकडे बघायची, आणि पुढे जायची. मी खिडकीत असलो तर हात हलवायची. तो हात बघवत नसे. ती मजेत आहे, सूप चांगलं आहे, सगळं खरं, पण तिला घरी यायचं होतं आणि मी तिला घराच्या दाराशी आणून अडवून ठेवलं होतं.

जानेवारीच्या शेवटी थंडीची लाट आली. असली थंडी की श्वास मिशीवर गोठावा. सकाळी आर्मिंदोनं दार वाजवलं, पण आज श्वासाचं काही बोलला नाही. नुसता माझा हात धरून मला कुंपणाशी नेलं आणि चार पावलांच्या त्या मातीवर बूट आपटला. खण्ण आवाज झाला. मी आपटला. पुन्हा खण्ण. चिखल तळापर्यंत गोठून दगड झाला होता. आम्ही दोघं त्यावर उड्या मारत होतो तेव्हा ग्रासिंदा खिडकीत येऊन कपाळावर हात मारून गेली. खाचखळगे होते ते मी फावड्यानं तासले, आर्मिंदोनं त्यावर बारीक वाळू पसरली. ओयेलारनबाईंना फोन केला. त्या आल्या, काठी टोचून पाहिली, स्वतः चालून पाहिलं, आणि म्हणाल्या, "आज. ऊन वाढायच्या आत."

व्हर्नानं कोट घातला. ग्रासिंदानं तिला गच्च मिठी मारली. ती बोळीतून निघाली, एका बाजूला मी, मागे आर्मिंदो. भोकापर्यंत आली आणि वॉकरचं पुढचं चाक गोठलेल्या मातीवर टेकलं.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि हातात माहितीपत्रकं घेऊन ऑस्गुडबाई उतरल्या. निवडणुकीसाठी घरोघर फिरत होत्या. "विगिन्ससाहेब! बरं झालं भेटलात! तुमच्यासारख्या जागरूक नागरिकाला मी स्वतः सांगायला आले. काल रात्री नगरपालिकेनं नवा निर्णय घेतलाय. आधीचा निर्णय मागे घेऊन—"

माझी मान वळली. काय करणार, आयुष्यभराची सवय. कोणता आधीचा निर्णय? टॅक्सचा की शुल्काचा की सवलतीचा? अर्ज कुठे करायचा? मुदत काय? तोंडातून "म्हणजे नेमकं—" एवढं निघालंही, आणि व्हर्नाच्या कोपराखालचा माझा हात सैल झाला.

"लॉर्न," व्हर्ना हळूच म्हणाली. "माझ्याकडे बघ."

मी बघितलं. थंडीनं तिचं नाक लाल झालं होतं, हात वॉकरवर घट्ट होते, आणि ती घाबरलेली होती. दीड वर्षात मला ते कधी दिसलं नव्हतं, किंवा मी बघितलं नव्हतं.

मी तिचा हात धरला. ऑस्गुडबाई पलीकडून बोलतच होत्या. आर्मिंदो त्यांना म्हणाला, "बाई, जरा गप्प बसा हो, इथे माणूस घरी चाललंय." एक पाऊल. दुसरं. वाळू तिच्या बुटाखाली करकरली. तिसरं. चौथं. तिनं वॉकर उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला, आधी चांगला पाय, मग नवा पाय, आणि आत गेली. मीही तिच्या मागोमाग गेलो आणि दार लावून घेतलं.

नगरपालिकेनं आदल्या रात्री काय ठरवलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही.